बिनहाडाचा गियर

सुखदेव गेल्याचे त्याच्या मुलीने मला फोनवर सांगितले. मी त्या वेळी घरातल्या विळीच्या पात्याला धार लावत बसलो होतो. शीला म्हणाली, "काका, बाबा गेले." मी विचारले, "केव्हा?" ती म्हणाली, "सकाळी. चहा मागितला, आणि मी घेऊन येईपर्यंत..." फोन ठेवला. पात्याची राहिलेली धार पुरी केली, विळी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, आणि मग कपडे बदलून अकोला स्टेशनावर बडनेऱ्याची गाडी धरली. धार अर्धी टाकून उठलो असतो तर सुखदेवला ते आवडले नसते. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी त्याच्याविषयी लिहा असे सांगितले, म्हणून लिहितो आहे. लिहिण्याची मला सवय नाही; आयुष्य लेथसमोर उभे राहून गेले. जे पाहिले तेवढेच सांगेन.

पन्नास सालानंतर एकदोन वर्षांच्या अंतराने आम्ही दोघे अमरावतीत एकाच कारखान्यात लागलो. कारखाना म्हणजे जिनिंगच्या आवाराला लागून असलेली टिनाची लांबट शेड. एक लेथ, एक शेपिंग मशिन, एक भट्टी आणि भिंतीला लागून फिटरांची बाके. मालकांना सगळे नानाजी म्हणत. मी टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा, आणि सुखदेव भाग घासून जोडणारा फिटर. मी वलगावच्या भाजीपाला करणाऱ्या माळ्याच्या घरचा. तो दर्यापूरकडच्या एका खेड्यातला, ज्याच्या वडिलांकडे गावातली मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या लावून दिलेले होते. आम्हा दोघांना हात धरून शिकवले ते उस्ताद रहिमखाँनी. लढाईच्या काळात ते फौजेच्या वर्कशॉपात होते. कोणताही भाग तयार झाला म्हणून आपण त्यांच्यापुढे नेला आणि तोंड उघडले, की ते म्हणत, "पहले कानस लगा, फिर बात कर." कानस पोलादात रुतली तर भाग मऊ आणि काम वाया, कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर भाग कठीण आणि काम पुरे. त्यांच्या शिकवण्यात याहून जास्त शब्द क्वचितच असत.

सुखदेव नम्र नव्हता. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना त्याला नम्र म्हणण्याची प्रथा आहे. मी ती पाळणार नाही. तो उंच होता, आवाज मोठा होता, आणि आपल्याला काम येते हे तो लपवीत नसे. एखाद्या गिऱ्हाइकाने "हे होईन काय, बापा?" असे विचारले, की तो हातातला पाना खाली ठेवून म्हणे, "होईन काय हे दुसऱ्या कोनाले विचारा. मले इचाराचं असन त कधी होईन थे विचारा." गिऱ्हाईक हसे. तो हसत नसे. त्याने ते थट्टेने म्हटलेले नसे. मी बोलत नसे आणि तो थांबत नसे, त्यामुळे आमचे जमले.

त्या दिवसांत आमच्या भागात लढाईतून उरलेल्या बुटक्या मोटारसायकली आल्या होत्या. लष्कराच्या लिलावातून त्या कोणी कोणी घेतल्या, आणि हातोहात फिरत त्या वऱ्हाडातल्या डॉक्टर, ओव्हरसिअर, कापसाचे दलाल अशा लोकांकडे पोहोचल्या. इंजिन लहान, सव्वाशे सीसीचे. गियर तीन, आणि ते टाकीच्या बाजूच्या दांड्याने हाताने बदलायचे. उंचीमुळे आणि आवाजामुळे लोक त्यांना बकरी म्हणत. बकरीचे यंत्र चांगले होते. पण ती ज्यांनी बनवली त्यांनी आमची काळी जमीन पाहिलेली नव्हती. पाऊस पडून गेला की चाकाला चिखलाचा थर चढे, आणि दर्यापूरकडच्या वाटांवर गाडी तासन्‌तास पहिल्याच गियरमध्ये रेटावी लागे. गियरबॉक्समध्ये दोन दातेरी चाके एकमेकांना धरतात ती त्यांच्या अंगावरच्या चौकोनी खुंटांनी. या खुंटांच्या कडा झिजून गोल झाल्या, की जोर पडताच चाके एकमेकांना सोडून देतात आणि गियर उडतो. ऐन चिखलात गियर उडाला की गाडी माणसासकट आडवी. नवे सुटे भाग मिळण्याची सोय नव्हती. म्हणून ते चाक आम्हीच बनवू लागलो. जिनिंगच्या जुन्या शाफ्टाचे मऊ पोलाद मी लेथवर कातायचे, शेपिंग मशिनवर एकेक दात पाडायचा, आणि सुखदेवने खुंटांच्या कडा कानशीने अशा काढायच्या की दोन्ही चाके एकमेकांत बसताना खट् असा एकच आवाज यावा. दोन आवाज आले तर तो चाक परत काढी.

पण मऊ पोलादाचे चाक गाडीत टिकत नाही. त्याचे अंग कठीण करावे लागते आणि गाभा चिवट ठेवावा लागतो. सगळेच कठीण केले तर दात काचेसारखा तुटतो. त्यासाठी चाक लोखंडी पेटीत ठेवून भोवती हाडांचा कोळसा, खुरांचे आणि चामड्याचे तुकडे दाबून भरत, पेटी मातीने बंद करून दिवसभर भट्टीत लाल ठेवत, आणि मग चाक काढून थंड तेलात सोडत. जळलेल्या हाडांतले सत्त्व पोलादाच्या कातडीत उतरते. उस्ताद हे काम शेडच्या कोपऱ्यात एकटे करीत. छप्पन साली उन्हाळ्यात उस्ताद वारले. त्यांची पेटी कोपऱ्यातच राहिली.

त्याच वर्षी दसऱ्याला सुखदेव आईवडिलांना घेऊन नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन परतला. कामावर आला तेव्हा अंगात पांढरा सदरा होता; भट्टीच्या कामाला पांढरा सदरा कोणी घालत नाही, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "आजच्या दिस राहू दे." जेवणाच्या सुट्टीत त्याने एवढेच सांगितले, की वडिलांनी घरातली सुरी आणि चामडे कापायची रापी नदीच्या डोहात टाकली आणि गावच्या पाटलाला निरोप धाडला, की यापुढे आमच्या घरचा कोणी मेलेल्या जनावराला हात लावणार नाही. पाटलाने काय केले ते त्याने सांगितले नाही. त्याच्या आईवडिलांना त्या हिवाळ्यात गाव सोडून अमरावतीला यावे लागले, यावरून मी समजलो.

पुढच्या वर्षी पाऊस सरत आला असताना दर्यापूरचे एक डॉक्टर आपली बकरी बैलगाडीत घालून आमच्याकडे घेऊन आले. पहिला गियर धरतच नव्हता. ते त्या गाडीवर खेडोपाडी रोगी पाहत फिरत. तापाचे दिवस होते आणि त्यांना आठवड्यात गाडी हवी होती. उस्तादांच्या मागे आलेले हे असे पहिलेच काम. मी चाक कातायला घेतले. नानाजी सुखदेवच्या बाकाजवळ आले. ते दुष्ट गृहस्थ नव्हते, हे मी आधीच सांगतो. त्यांच्या तोंडून जे आले ते सवयीने आले, आणि म्हणूनच ते ऐकायला अधिक कठीण होते.

"सुखदेव, उस्तादचं काम आता तुह्याकडे. हाडं संपले. तुह्या बापाले सांग, एक पोतं आणून टाकीन."

"माह्या बापानं थे सोडलं, नानाजी."

"सोडलं म्हंजे? हाडं त हाडंच राहातेत ना बे?"

"हाडं हाडंच आहेत. माणूस थो नाही राह्यला."

शेडमधली कामे थांबली. मी लेथ बंद केले नाही. पण त्या आवाजातही पुढचे ऐकू आले. नानाजी म्हणाले, "बरं, मी दुसऱ्याकून आणवतो. तू फक्त पेटी भर." सुखदेव म्हणाला, "भरनार बी नाही." मग नानाजींचा आवाज चढला. "डॉक्टरले आठवड्यानं गाडी पायजे. तुह्याच्यानं होत असन त कर, नाही त अकोल्याहून फिटर आणतो आन हे बाक त्याले देतो." सुखदेव कानस पुसत होता. म्हणाला, "आणा. काम त्याले मीच शिकवीन."

संध्याकाळी हात धुताना मी त्याला म्हणालो, पेटी मी भरतो. मला काही अडचण नाही. तो हात चोळून चोळून धूत राहिला. मग म्हणाला, "तू भरशीन, शेषराव. मले मालूम आहे. पण उद्यापासून लोक म्हनतीन, सुखदेव चाक घासते आन त्याले जीव शेषराव देते. मले हाड बी धराचं नाही, आन काम बी सोडाचं नाही. दोन्ही पायजे." त्याला काय हवे होते हे मला त्या वेळी स्पष्ट कळले. ते सोपे नव्हते. हाडाला हात लावला तर वडिलांनी डोहात टाकलेली सुरी परत काढल्यासारखे झाले असते. नाही लावला आणि चाक झाले नाही, तर बाक गेले असते; आणि त्या काळी अमरावतीत त्याच्या समाजाच्या माणसाला फिटरचे दुसरे बाक कोणी सहजासहजी दिले नसते.

उस्तादांनी एकदा बोलता बोलता सांगितले होते, की लढाईत हाडे मिळेनाशी झाली तेव्हा फौजेच्या वर्कशॉपात लाकडी कोळशात धुण्याचा सोडा घालत. किती घालत, ते सांगितले नव्हते. सुखदेवला ते आठवत होते, मलाही. तो बाभळीचा कोळसा घेऊन आला आणि बायकोच्या धुण्याचा सोडा उचलून आणला. कोळसा हरभऱ्याएवढा फोडून चाळला. उस्तादांच्या पेटीत वर्षानुवर्षांचे हाडांचे भस्म बसलेले होते, तिला तो हात लावणार नव्हता. म्हणून मी जाड नळीचा तुकडा घेऊन नवी पेटी केली, बूड जोडले आणि झाकण लेथवर कातून बरोबर बसते केले. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही चाक पेटीत ठेवले, कोळसा-सोड्यात दाबले, झाकण लावले आणि फट मातीने लिंपली. भट्टी पेटवली. त्याने दिवसभर पेटीचा रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा ठेवला; गडद होऊ दिला नाही, फिका होऊ दिला नाही. दिवस कलल्यावर पेटी बाहेर काढून झाकण उघडले, तर आत राख होती. चाकावर लोखंडाचे पापुद्रे सुटले होते. तरी त्याने ते तेलात सोडले आणि मग कानस घेतली. ती पहिल्याच ओढीला रुतली.

दुसऱ्या दिवशी नानाजींनी ते चाक हातात घेऊन उलटेपालटे केले. "हेच काय तुहं बिनहाडाचं?"

"राख झाली, नानाजी. माती चुकली."

"माती चुकली आन तू नाही चुकला?"

"मीच चुकलो. काळी माती कोनं लावली? म्याच ना. वऱ्हाडात जल्मलो आन काळी माती तापली का फाटते, हे इसरून गेलो. उन्हाळ्यात वावरात भेगा पडते त गाईचा पाय जाते आत. भट्टीत काय वेगळं होनार होतं?"

हे खरे होते. शेडच्या मागे खणली तर काळीच माती निघे, आणि आम्ही दोघांनी हाताशी होती म्हणून तीच लावली होती. तापल्यावर तिला भेगा पडल्या, आत वारा शिरला, कोळसा जळून गेला. वऱ्हाडाबाहेरच्या माणसाने हवी ती माती शोधून आणली असती. आम्हाला पायाखालची सोडून दुसरी सुचली नाही. पण ज्या माणसाला "तू चुकलास" म्हटल्यावर राग येण्याऐवजी चूक कुठे झाली ते सांगता येते, त्या माणसाची मला काळजी वाटत नाही. त्याच दिवशी तो सायकलवर वलगावला गेला आणि माझ्या घराच्या मागच्या गढीची पांढरी माती पोत्यात भरून घेऊन आला. पांढरीवर गाव वसते आणि काळीवर पीक येते, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक असते. पांढरीने घरे लिंपतात, ती तापून फाटत नाही. तीत त्याने बारीक भुसा मळला. मी पुन्हा चाक कातले आणि पुन्हा दात पाडले. आठवडा सरत आला होता. नानाजी रोज सकाळी येऊन भट्टीकडे पाहत आणि आत जात. अकोल्याच्या एका फिटरला त्यांनी निरोप धाडला आहे हे शेडमध्ये सगळ्यांना कळले होते. सुखदेवलाही.

या वेळी पेटीत त्याने चाकाबरोबर त्याच शाफ्टाचा बोटभर लांबीचा एक तुकडा ठेवला. चाक तोडून पाहता येत नाही. तुकडा तोडता येतो. सोडाही थोडा वाढवला. पेटी पुन्हा दिवसभर लाल राहिली आणि मातीला एकही भेग पडली नाही. दिवस कलताना नानाजींच्या समोर झाकण फोडले तेव्हा आत कोळसा जसाच्या तसा होता. त्याने सांडशीने चाक उचलले आणि सरकीच्या तेलाच्या डब्यात सोडले, मग तुकडा सोडला. तेल खवळले आणि वास असा पसरला, की आवाराच्या पलीकडून नानाजींच्या पत्नींचा आवाज आला, "अवं, कोनाकडं भजे तळून राह्यले वं?" भट्टीवर आम्ही चार कामगार होतो आणि चौघेही हसलो. नानाजीही हसले.

मग कोणी हसले नाही. सुखदेवने तेलातून तुकडा काढला, पुसला, बाकाच्या शिकंज्यात धरला आणि कानस नानाजींपुढे केली. "तुमी लावा." नानाजींनी कानस ओढली. ती घसरली. पुन्हा जोर लावून ओढली. नुसता बारीक आवाज निघाला आणि पोलादावर रेघही उमटली नाही. नानाजी म्हणाले, "वरतून कठीण आहे. आतून?" सुखदेवने हातोडा दिला. नानाजींनी स्वतः घाव घातला. पहिल्या घावाला तुकडा वाकला नाही आणि तुटलाही नाही, तिसऱ्याला तुटला. तुटलेल्या तोंडावर मधोमध करडा गाभा होता आणि भोवती नखाच्या कडेएवढी पांढरी, बारीक दाण्याची किनार, सगळीकडे सारखी. उस्तादांच्या कामातही ती कधी कधी एका बाजूला पातळ येई. नानाजी बराच वेळ ते तोंड उजेडाकडे धरून पाहत राहिले. मग दोन्ही अर्धे बाकावर ठेवून ते कोपऱ्यात गेले, उस्तादांची जुनी पेटी स्वतःच्या हाताने उचलली आणि बाहेर भंगारात नेऊन टाकली. परत येऊन म्हणाले, "डॉक्टरची गाडी जोड." अकोल्याच्या फिटरविषयी पुन्हा कोणी बोलले नाही.

गाडी जोडल्यावर सुखदेवने ती डॉक्टरांना लगेच दिली नाही. गिऱ्हाईक गाडी रस्त्यावर चालवून पाहते, त्याला काही अर्थ नाही, असे त्याचे मत होते. तो ती घेऊन वलगावला आला आणि आमच्या वांग्याच्या वावराच्या कडेला, पाणी देऊन भिजलेल्या काळ्या जमिनीत घातली. डॉक्टर आणि मी बांधावर उभे. चाकाला चिखल चढत गेला, इंजिन घरघरत राहिले, आणि पहिला गियर धरून राहिला. तो वावराच्या टोकाला जाऊन वळला आणि परत आला. तेवढ्यात माझे वडील आले. ते माझ्यापेक्षाही कमी बोलत.

"गाडी चालते?"

"चालते, बाबाजी," सुखदेव म्हणाला.

"मंग वावरातून काढ."

निघताना वडिलांनी त्याच्या फडक्यात वांगी बांधून दिली. डॉक्टरांनी ती गाडी पुढे पुष्कळ वर्षे चालवली. तो गियर पुन्हा बदलावा लागला नाही.

साठ सालानंतर आम्ही दोघे अकोल्याला आलो आणि कापूस बाजाराच्या बाजूला स्वतःचे दुकान टाकले. नानाजींनी अडवले नाही. उलट लेथ पाहायला स्वतः बरोबर आले. अकोल्यात काम चांगले चालले. एक गंमत मात्र अशी झाली, जिचा आम्ही विचार केला नव्हता. बाजारातल्या शेठ लोकांपैकी काहींना कोणीतरी सांगितले, की गाडीच्या गियरला हाड लागते, फक्त या दुकानात लागत नाही. मग जे कधी आमच्या गल्लीत आले नसते ते गृहस्थ येऊ लागले. एक शेठजी चाक हातात घ्यायलाही कचरत होते. त्यांनी दोनदा विचारले, "बिलकूल हाड नाही ना? शुद्ध?" सुखदेव म्हणाला, "शेठजी, शुद्ध आहे. पण खायाचा नाही, गाडीत बसवाचा आहे." शेठजी गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "पाह्यलं, शेषराव? ज्याच्यापायी माह्या बापाले कोनी जवळ येऊ देत नव्हतं, थे सोडलं त आता लोक घरी येऊन राह्यले." तो हसत होता. मी लेथ चालू केले. त्याने सगळे बोलून टाकले होते.

त्याची काम करण्याची रीत मी एकदा तरी लिहून ठेवली पाहिजे. गियरबॉक्स बंद केल्यावर तो स्क्रूड्रायव्हरचे टोक कवचाला आणि मूठ कानाला लावून उभा राही, आणि मी हाताने गाडीचे मागचे चाक फिरवीत असे. आतले काय बोलते आहे ते ऐकूनच तो गाडी सोडी. त्या वेळी कोणी हाक मारली तर ओ देत नसे. माझ्याशी तो भांडलाही. एकदा मी दाताची जाडी डोळ्याने ठरवली म्हणून चार दिवस अबोला धरला, आणि पाचव्या दिवशी स्वतःहून चहा घेऊन आला. पण क्षमा मागितली नाही, कारण चूक माझीच होती. साठीचे दशक संपता संपता नव्या गाड्या आल्या आणि त्यांचे सुटे भाग डब्यातून मिळू लागले. लोक म्हणू लागले, आता सुखदेवसारख्यांचे काय होणार. त्याला त्याचे दुःख नव्हते. म्हणाला, "मिळते त बसवा ना बाप्पा. म्या काय दात पाडासाठी जल्म घेतला काय?" डब्यातले चाकही तो आधी कानस लावून पाही आणि मगच बसवी. पुष्कळदा परत पाठवी.

शेवटची भेट पोळ्याच्या सुमारास झाली. तो बडनेऱ्याला मुलीकडे राहत होता. जावई रेल्वेत आहे, घर स्टेशनाजवळ. दम लागत होता, पण आवाज कमी झाला नव्हता. मी दारात असतानाच म्हणाला, "ये, टर्नर. तुहं सेंटर अजून सरळ आहे काय, का हलून राह्यलं?" सेंटर म्हणजे लेथवर काम धरून ठेवणारे टोक. शेजारच्या मुलाची मोटारसायकल बिघडली होती, ती त्याने अंगणात आणवून ठेवली होती आणि खाटेवरून सूचना देत होता. मी निघालो तेव्हा तो तिच्या कवचाला कान लावून बसला होता. मी "येतो" म्हणालो. त्याने हात वर केला, म्हणजे ऐकू दे. मी थांबलो नाही.

नानाजींनी तुकडा तोडला त्या दिवशी त्याचे दोन्ही अर्धे सुखदेवने बाकावरून उचलले होते. एक त्याने मला दिला. "ठेव. पेटी तुही होती." दुसरा त्याने घरी वडिलांना नेऊन दाखवला. वडिलांना पोलादातले काही समजत नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "हाड नाही लागलं?" तो म्हणाला, "नाही." वडिलांनी तो अर्धा बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवला. अमरावतीहून अकोल्याला, अकोल्याहून बडनेऱ्याला घर बदलले, पण फळीवरची जागा बदलली नाही.

मी बडनेऱ्याला पोहोचलो तेव्हा माणसे जमली होती आणि वंदना चालू होती. सगळे झाल्यावर शीलाने मला आत नेले. तुकडा तसबिरीखाली होता, तेलाने चकचकीत. ती म्हणाली, "रोज सकाळी तेलाचं बोट लावायचे. गंजू द्यायचे नाहीत. मी लहानपणी विचारलं तर म्हणायचे, हे तुझ्या आजोबांचं आहे." मग तो उचलून तिने माझ्यापुढे धरला. "काका, दुसरा अर्धा तुमच्याकडे आहे ना? तुम्ही घेऊन जा, दोन्ही एकत्र राहतील." मी नाही म्हणालो. तो तिच्या आजोबांना दाखवण्यासाठी घरी आला होता. त्याने त्याच घरात राहावे. मी तिला फक्त तेल लावण्याचे विसरू नकोस असे सांगितले. तिने मान हलवली.

माझा अर्धा या टेबलावर आहे. हे लिहायला बसण्यापूर्वी मी कानस घेतली आणि त्याच्या अंगावर जोर लावून ओढली. उस्तादांचा नियम आहे, आधी कानस आणि मग बोलणे. माझ्या हातात आता पूर्वीचा जोर नाही, हे खरे. पण ज्याला अनुभव आहे त्याला हाताचा कमीपणा आणि पोलादाचा कठीणपणा यांतला फरक कळतो. कानस घसरली. रेघ उमटली नाही.